आधी भिंत, मग भोक

आमच्या कार्यालयातल्या नेटवर्कचा खरा मालक तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर आहे. मोठे साहेब आहेत, आयटीचे प्रमुख आहेत, सुरक्षेचे प्रमुख वेगळे आहेत. पण या तिघांनाही आपला शब्द मागे घ्यायला लावेल असा तो एकटाच. छापणारं, स्कॅन करणारं, स्टेपल मारणारं आणि उरलेल्या वेळात ‘कागद अडकला आहे’ असं सांगणारं ते धूड इमारतीत एकच आहे आणि त्याच्यापर्यंत सगळ्यांनाच पोचायचं असतं. नेटवर्कची आखणी ठरते त्या बैठकीत मात्र त्याचं नावसुद्धा कुणाच्या तोंडून निघत नाही.

त्या बैठकीत लोक फक्त भिंती मागतात. ‘अकाउंट्स वेगळं हवं.’ ‘कॅमेरे वेगळे हवेत.’ ‘पाहुण्यांचं वाय-फाय तर पूर्णपणे वेगळं. त्यांना आपलं काही म्हणजे काही दिसता कामा नये.’ वेगळं मागण्यात एक प्रतिष्ठा असते. ज्या खात्याला वेगळं नेटवर्क नाही त्या खात्यात लपवण्यासारखं काही घडतच नाही असं समजलं जातं, त्यामुळे शेवटी कँटीनच्या कूपनाचं यंत्रसुद्धा वेगळं मागितलं जातं. मग हिशेबातलं कुणीतरी विचारतं, ‘म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र स्विच घ्यायचा का?’ किंमत सांगितली जाते. सगळे आपापल्या फोनकडे बघू लागतात. अशा वेळी तासावर पैसे घेणारा सल्लागार खुर्चीत मागे रेलून म्हणतो, ‘छे हो, एकाच स्विचमध्ये व्हीआरएफ करू.’ सगळ्यांचे चेहरे उजळतात. खर्च काही नाही आणि वेगळेपण पुरेपूर. याहून गोड प्रस्ताव कुठल्याही बैठकीत आजवर आलेला नाही.

व्हीआरएफ म्हणजे व्हर्च्युअल राउटिंग अँड फॉरवर्डिंग. कुठला पत्ता कुठल्या दिशेला आहे याची एक यादी मोठ्या स्विचच्या पोटात असते, तिला राउटिंग टेबल म्हणतात. व्हीआरएफमध्ये एकाच स्विचच्या पोटात अशी अनेक टेबलं ठेवतात आणि प्रत्येक पोर्ट त्यांतल्या एकाला बांधून टाकतात. अकाउंट्सच्या पोर्टातून आलेलं पॅकेट फक्त अकाउंट्सच्या टेबलात शोधलं जाणार. तिथे पत्ता सापडला तर ठीक, नाही तर पॅकेट टाकून दिलं जाणार, मग तो पत्ता त्याच पत्र्याच्या डब्यात शेजारच्या पोर्टावर का असेना. रॅकपाशी उभं राहिलं तर दिसतो एकच स्विच, एकच पंखा, एकसारखे लुकलुकणारे हिरवे दिवे. आत पाच जणांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं असतं.

या अबोल्याचे फायदेही आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नावाच्या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी तीन पत्तापट्टे मोकळे ठेवले, त्यातला एक १९२.१६८ ने सुरू होणारा. पत्ते ६५ हजारांहून जास्त. तरीही कॅमेरे बसवणारा येतो तो १९२.१६८.१ वरच बसवून जातो, कारण डबा कारखान्यातून तसाच येतो. बायोमेट्रिक हजेरीवालाही १९२.१६८.१ वरच बसवतो, कारण त्याने मागच्या गिऱ्हाइकाकडे तसंच केलं होतं आणि तिथे चाललं होतं. एका टेबलात हे दोघे नांदूच शकत नाहीत. दोन व्हीआरएफमध्ये टाकले की दोघेही सुखी, प्रत्येकाला वाटतं हा पत्ता जगात आपल्या एकट्याचाच. हे सुख टिकतं ते एचआरला हजेरीच्या नोंदीशेजारी कॅमेऱ्यातला फोटो हवासा वाटेपर्यंत.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. चार भावांची वाटणी होते, मोजणी होते, बांध पडतात, सातबारे वेगळे होतात, पेढेही वाटून होतात. त्यानंतर लक्षात येतं की मधल्याच्या शेताला रस्ताच नाही आणि विहीर थोरल्याच्या हिश्श्यात गेली. मग तहसीलदारांकडे अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यात कलम १४३ खास यासाठी आहे: दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याच्या वाटेचा दावा. त्याचा निर्णय करताना शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाजवी वाट लागते ही गरज लक्षात घ्यायची, असंही ते कलमच सांगतं. संहिता लिहिणाऱ्यांना माणसं ठाऊक होती. नेटवर्कमध्येही वाटणीपाठोपाठ हे कलम आलंच, त्याला रूट लीकिंग म्हणतात: एका व्हीआरएफच्या टेबलातली वाट मुद्दाम दुसऱ्याच्या टेबलात नोंदवायची. तहसीलदारांच्या हाताशी स्थळपाहणी असते, पंचनामा असतो, दोन्ही बाजूंचे जबाब असतात. माझ्याकडे एक ई-मेल येतो. विषय: ‘अर्जंट’. मजकूर: ‘प्रिंटर दिसत नाही.’

रस्ता देण्याची सर्वांत साधी पद्धत म्हणजे हाताने नोंद करणं. प्रिंटर, वेळ सांगणारा सर्व्हर, नावांवरून पत्ते सांगणारा डीएनएस असे सगळ्यांना लागणारे लोक एका ‘सामायिक’ व्हीआरएफमध्ये बसवतात. मग अकाउंट्सच्या टेबलात एक ओळ घालतात की प्रिंटरच्या पत्त्याला जायचं असेल तर सामायिकमधून जा. टीममधला नवा मुलगा ती ओळ घालतो आणि अकाउंट्सला फोन करतो.

‘मॅडम, आता बघा बरं.’

‘नाही येत.’

‘एकदा परत करून बघा.’

‘अहो, तेच करतेय मघापासून. आज वीस तारीख आहे, जीएसटीचं भरायचंय मला.’

इथे काय घडत असतं ते बघण्यासारखं आहे. मॅडमचं पिंग, म्हणजे ‘आहात का?’ एवढंच विचारणारं पॅकेट, प्रिंटरपर्यंत सुखरूप पोचलेलं असतं. प्रिंटरने ते घेतलेलं असतं आणि आपल्या लौकिकाला न शोभणाऱ्या तत्परतेने उत्तरही पाठवलेलं असतं. उत्तर स्विचपाशी येतं. स्विच बघतो की हे सामायिकच्या पोर्टातून आलंय, म्हणून सामायिकचं टेबल काढतो, त्यात अकाउंट्सचा पत्ता शोधतो. तो नाही. जायचा रस्ता नोंदवला, परतीचा नोंदवलाच नाही. उत्तर तिथेच टाकून दिलं जातं आणि मॅडमच्या पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ उमटतं, जणू पलीकडे कुणी नव्हतंच. निम्मं काम चोख झालेलं असतं. पण निम्म्या कामाची पोच देणारा संदेश पिंगकडे नाही.

मुलगा गडबडतो आणि स्विचवरूनच प्रिंटरला पिंग करून बघतो. तेही जात नाही. याचं कारण आणखी मजेशीर आहे: कमांडमध्ये व्हीआरएफचं नाव घातलं नाही तर स्विच आपल्या मूळ टेबलात बघतो, आणि तिथे ना अकाउंट्स राहतं ना प्रिंटर. मग तो प्रिंटरच बंद आहे असं जाहीर करतो. कुणीतरी जिना उतरून बघून येतं. प्रिंटर चालू असतो. कागदही अडकलेला नसतो, म्हणजे त्या बिचाऱ्याकडून पहिल्यांदाच काही चुकलेलं नसतं. या धंद्यात मोठे समजले जाणारे निम्मे बिघाड पिंगच्या कमांडमध्ये एक शब्द वाढवला की मिटतात. उरलेले निम्मे सकाळपर्यंत आपोआप मिटतात, आणि मग कारण शोधण्यासाठी एक बैठक लावावी लागते.

बरं, ही भिंत घालतानाच काय काय होतं ते तर सांगितलंच नाही. बऱ्याच स्विचांवर चालू पोर्ट एखाद्या व्हीआरएफला बांधला की स्विच त्या पोर्टाचा आयपी पत्ता पुसून टाकतो. नवं घर, नवा पत्ता, जुना आम्ही काढून टाकला आहे, असं एका ओळीत नम्रपणे कळवतोही. अडचण एवढीच की रात्री एकच्या मेंटेनन्स विंडोत घरून काम करणारा माणूस पुष्कळदा त्याच पोर्टातून आत शिरलेला असतो, त्यामुळे ती नम्र ओळ वाचायला तो उरत नाही. पडदा गोठतो. आता कन्सोलची केबल घेऊन रात्री दीडला बायपासवरून ऑफिस गाठायचं आणि वॉचमनला उठवून आपण चोर नाही हे पटवायचं. म्हणून जुनी माणसं काम सुरू करण्याआधी ‘रीलोड इन १०’ अशी कमांड देऊन ठेवतात. दहा मिनिटांत आपण परत आलो नाही तर स्विच स्वतःला बंद करून चालू करतो आणि जतन केलेल्या जुन्या मांडणीवर येतो. फार शहाणी युक्ती. तिची दुसरी बाजूही प्रसिद्ध आहे: काम निर्विघ्न पार पडतं, ग्रुपवर अंगठे येतात, ‘ग्रेट जॉब टीम’ येतं, सगळे लॅपटॉप मिटतात, आणि ती कमांड रद्द करायची राहून गेल्यामुळे बरोबर दहाव्या मिनिटाला अख्खा स्विच शब्द पाळतो.

हाताने लिहिलेले रस्ते थोडे असतात तोवर ठीक. वाढले की खानदानी पद्धतीकडे वळावं लागतं, ती बीजीपीची. १९८९ मध्ये सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवताना कागदी नॅपकिनांवर या प्रोटोकॉलची आखणी केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो आरएफसी ११०५ म्हणून नोंदला गेला. आज जगातली मोठी नेटवर्कं एकमेकांना आपले रस्ते याच भाषेत सांगतात. हेच रेख्टर, एरिक रोझेन यांच्यासह, १९९९ च्या आरएफसी २५४७ चे लेखक. एका टेलिकॉम कंपनीच्या कण्यावरून अनेक ग्राहकांची खासगी नेटवर्कं एकमेकांत न मिसळता कशी न्यायची, हे त्यात आहे. २००६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आरएफसी ४३६४ म्हणून आली. त्यातली युक्ती अशी की प्रत्येक रस्त्याला एक चिठ्ठी लावायची, तिला रूट टार्गेट म्हणतात. कुठल्या चिठ्ठीचे रस्ते बाहेर द्यायचे आणि कुठल्या चिठ्ठीचे आत घ्यायचे, एवढंच प्रत्येक व्हीआरएफला सांगायचं.

हे सगळं खंडोपखंडी पसरलेल्या जाळ्यांसाठी होतं. आम्ही ते एका डब्यात चालवतो. बीजीपी ही मुळात शेजाऱ्याशी बोलायची भाषा. आमच्या स्विचला शेजाऱ्यांची यादी विचारली तर ती कोरी येते. तरी बीजीपी इमानाने चालू असतो, एका टेबलातून रस्ता उचलतो, चिठ्ठी बघतो, दुसऱ्या टेबलात ठेवतो, दिवसभर स्वतःशीच वाटाघाटी करतो. तो चालू करायला नेटवर्कचा एक ओळखक्रमांक, म्हणजे एएस क्रमांक, लागतो. खासगी वापरासाठी ६४५१२ पासून ६५५३४ पर्यंत हजाराच्या वर क्रमांक फुकट आहेत, पण मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी ६५००० नाही तर ६५००१ असतो. लग्नाचा मुहूर्त काढावा इतका विचार करून माणसं शेवटी तोच घेतात.

रूट टार्गेटला एक जुळा भाऊ आहे, रूट डिस्टिंग्विशर. हा आठ बाइटचा, पत्त्याच्या पुढे लागतो, आणि दोन ग्राहकांचा १९२.१६८.१ एकच नाही एवढंच सांगतो. कोण कुणाचे रस्ते घेणार याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ‘या दोघांत फरक काय?’ हा मुलाखतीतला ठरलेला प्रश्न. उमेदवार उत्तर पाठ करून येतो, विचारणारा ते पाठ करून बसलेला असतो. नोकरी लागल्यावर त्याला दिसतं की इथे सगळ्यांनी दोन्ही ठिकाणी एकच आकडा टाकलाय. नंतर फरक आठवला नाही तरी काही अडत नाही.

आता रस्त्याची रुंदी. अर्ज नेहमी एका बैलगाडीपुरता असतो. प्रिंटर एक, पत्ता एक, म्हणजे स्लॅश ३२ चा रस्ता दिला की भागलं. पण घाईत असलेला माणूस स्लॅश २४ देतो, म्हणजे २५६ पत्ते, आणि शुक्रवारी संध्याकाळी घाईत असलेला माणूस सरळ स्लॅश १६ देतो. मग त्या बांधावरून ट्रक जाऊ लागतात. कॅमेऱ्यावाल्याच्या लॅपटॉपला अचानक पगारपत्रकाचा सर्व्हर दिसू लागतो. तो सज्जन असला तर कळवतो. सज्जन नसला तर कळवत नाही, आणि आपलं नेटवर्क सुरक्षित असल्याचा आपला विश्वास अबाधित राहतो.

त्यातही डिफॉल्ट रूट, म्हणजे टेबलात न सापडणाऱ्या सगळ्या पत्त्यांसाठीचा रस्ता, हा खास गुणी प्राणी. पाहुण्यांना इंटरनेट हवं म्हणून सामायिकमधला डिफॉल्ट रूट त्यांच्या टेबलात सोडतात. अकाउंट्सलाही इंटरनेट हवं, तिकडेही सोडतात. परतीचे रस्ते म्हणून दोघांचे पत्ते सामायिकमध्ये नोंदवतात. पाहुणे आणि अकाउंट्स यांच्यात थेट रस्ता कुठेच नाही, कागदावर सगळं निर्मळ. पण पाहुण्याच्या लॅपटॉपने अकाउंट्सचा पत्ता मागितला तर पॅकेट डिफॉल्ट धरून फायरवॉलपाशी जातं, फायरवॉलला अकाउंट्सचा रस्ता पाठ असतो, आणि ‘आल्या वाटेने परत पाठवू नये’ असं तिला कुणी बजावलेलं नसेल तर ती ते अदबीने आत नेऊन सोडते.

देशांच्या पातळीवर रस्ते असे निसटतात तेव्हा बातमी होते. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा सरकारी हुकूम निघाला. २४ तारखेला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या २०८.६५.१५२.० या स्लॅश २२ पट्ट्यातल्या एका स्लॅश २४ तुकड्याचा रस्ता आपल्या घरात फिरवून खड्ड्यात सोडला. हे घरापुरतं होतं. पण तो रस्ता हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूकडे गेला आणि तिथून जगभर. राउटर नेहमी जास्त नेमका पत्ता पसंत करतो. २२ पेक्षा २४ नेमका, म्हणून जगातल्या कितीतरी राउटरांनी यूट्यूबचे प्रेक्षक त्या खड्ड्याकडे वळवले. यूट्यूबने मग स्वतःही स्लॅश २४ जाहीर केला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून त्याचे दोन तुकडे करून स्लॅश २५ जाहीर केले. दोन-सव्वादोन तास हा ‘मी जास्त नेमका’ खेळ चालला. असे रस्ते बाहेर जाण्याचे प्रकार पुढे इतके झाले की २०१६ मध्ये आरएफसी ७९०८ मध्ये त्यांची सहा गटांत वर्गवारी करावी लागली. आमच्या शुक्रवारच्या स्लॅश १६ ला त्यात जागा नाही, तो घरगुती मामला.

या सगळ्या विद्वत्तेपुढे मला मनापासून आवडणारा उपाय वेगळाच आहे. एक पॅच कॉर्ड घ्यायची, एक टोक पोर्ट ४७ मध्ये, दुसरं टोक त्याच स्विचच्या पोर्ट ४८ मध्ये. ४७ एका व्हीआरएफचा, ४८ दुसऱ्याचा. दोन्ही पोर्टांना पत्ते दिले, दोन ओळी लिहिल्या, की पॅकेट एका खोलीतून बाहेर येतं, अर्ध्या मीटरचा फेरफटका मारतं आणि त्याच इमारतीत दुसऱ्या दाराने शिरतं. दोन पोर्ट वाया जातात, सल्लागार नाक मुरडतात, परिषदेत याच्यावर निबंध वाचता येत नाही. पण ही एकच गळती अशी आहे की जी डोळ्यांनी दिसते, बोटाने दाखवता येते आणि हाताने बंद करता येते.

हाताने बंद करता येते हाच तिचा दोषही. रॅकची साफसफाई करणारा टापटिपीचा माणूस केव्हा ना केव्हा येतोच. त्याला दिसतं की एक निळी वायर एकाच स्विचमधून निघून त्याच स्विचमध्ये गेलीय. त्याच्या दृष्टीने हा निव्वळ मूर्खपणा. तो ती काढतो, नीट गुंडाळतो, वेल्क्रोचा पट्टा लावून ड्रॉवरमध्ये ठेवतो. एका ठिकाणी मी त्या वायरला पिवळी चिठ्ठी बघितली: ‘ही वायर मूर्खपणाची वाटली तरी काढू नये.’ खाली दुसऱ्या हस्ताक्षरात: ‘का?’ आणि त्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात: ‘काढून बघितली. काढू नये.’ इतकं नेमकं टेक्निकल डॉक्युमेंटेशन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

ऑडिटरसाहेब वर्षातून एकदा येतात. त्यांच्या यादीत प्रश्न असतो: ‘पाहुण्यांचं आणि अकाउंट्सचं नेटवर्क वेगळं आहे का?’ आहे, आम्ही दाखवतो, हे दोन व्हीआरएफ. ते खूण करतात. लीक केलेले रस्ते बहुधा फायरवॉलला वळसा घालून जातात, कारण ते स्विचच्या पोटातच एका टेबलातून दुसऱ्यात उतरतात. फायरवॉलच्या नोंदवहीत त्यांचा मागमूस नसतो, आणि यादीत त्यांच्याविषयीचा प्रश्न नसतो. चहा, बिस्किटं, प्रमाणपत्र. त्यातले बरेच रस्ते ‘तात्पुरते’ या शेऱ्यासह दिलेले. शेरा लिहिणारा नोकरी सोडून कॅनडात स्थायिक झालेला असतो, रस्ता इथेच असतो.

मध्यंतरी कुणीतरी हे सगळे रस्ते एका एक्सेल शीटमध्ये मांडले. उभे व्हीआरएफ, आडवे व्हीआरएफ, जिथे रस्ता आहे तिथे हिरवा चौकोन. शीट पडद्यावर आलं आणि खोलीत कुजबुज झाली, कारण कँटीनच्या कूपनांचा एक चौकोन सोडला तर सगळं हिरवंगार होतं. सल्लागाराला पुन्हा बोलावलं. त्याने ताशी दराने विचार करून सांगितलं की आता हे सगळे व्हीआरएफ एकत्र करून टाकणं उत्तम. सुरक्षेचे प्रमुख म्हणाले, मी असताना हे होणार नाही. आयटीचे प्रमुख म्हणाले, आधी छोट्या प्रमाणावर करून बघू. तेव्हा असं ठरलं की एकत्रीकरणाचा प्रयोग करण्यासाठी एक नवा, पूर्णपणे वेगळा व्हीआरएफ तयार करावा. नावावर अर्धा तास गेला, कारण ‘सामायिक’ आधीच होता. शेवटी ‘कॉमन’ ठरलं. बैठक संपायच्या आत माझ्या फोनवर ई-मेल आला. विषय: ‘अर्जंट’. ‘कॉमन’ला डीएनएस दिसत नव्हता.